आज्ञार्थी वाक्यं आणि घरचं नेट

मंडळी, आज जरा वेगळ्याच विषयावर लिहितोय. आमचे भाचे-पुतणे वाचून हसतील. हसू देत. माझं मत असं आहे की, ज्या घरात किंवा ज्या शाळेत इंटरनेट आहे, तिथल्या निदान एका माणसाला तरी नेटची जोडणी त्या काळ्या खिडकीत चार शब्द टंकून तपासता आली पाहिजे, आणि जमलं तर दुरुस्तही करता आली पाहिजे. त्यासाठी इंजिनियर असायची गरज नाही. मराठी माध्यमातून बी.ए. झालेला आणि आयुष्यभर मुलांकडून काळ-अर्थ-प्रयोग घोकून घेतलेला निवृत्त मास्तरही चालतो.

काळी खिडकी म्हणजे काय ते आधी सांगतो. विंडोजमध्ये तिला कमांड प्रॉम्प्ट म्हणतात, लिनक्समध्ये टर्मिनल. चित्रं नाहीत, बटणं नाहीत. आपण एक ओळ लिहायची, एंटर मारायचा, संगणक उत्तर देतो. आणखी एक खुलासा: आज्ञा मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. टंकताना त्या अर्थातच रोमन लिपीत, लहान अक्षरांत टंकायच्या.

माझ्या पिढीतले बरेच शिक्षक संगणकाला पहिल्यांदा भेटले ते एमएस-सीआयटीच्या वर्गात. एमकेसीएल २००१ साली स्थापन झालं आणि पुढे सरकारी नोकरांना ही परीक्षा आवश्यकच झाली. पन्नाशी ओलांडलेले मुख्याध्यापक वहीत ‘फाइल, सेव्ह अ‍ॅज’ लिहून घेत बसलेले मी पाहिलेत. त्या अभ्यासक्रमाचे उपकारच आहेत, माउसची भीती गेली. पण तिथे आम्ही शिकलो ते खिडक्या उघडायला. खिडकीमागे काय चालतं हा त्या वर्गाचा विषय नव्हता. त्यामुळे झालंय असं की, चित्राची जागा बदलली की आम्ही अडाणी! दोन-चार वर्षांनी नवी आवृत्ती येते, सेटिंगचं चक्र डावीकडून उजवीकडे जातं, आणि पुन्हा कुणाच्या तरी पोराची वाट बघत बसायचं.

आज्ञा अशा जागा बदलत नाहीत. विंडोजचं ‘आयपीकॉन्फिग’ गेली कितीतरी वर्षं तेच आहे. युनिक्सवाल्यांचं ‘इफकॉन्फिग’ १९८३ साली बर्कलेच्या ४.२ बीएसडीबरोबर आलं. लिनक्समध्ये आता त्याची जागा ‘आयपी’ या आज्ञेने घेतली आहे. देबियनने तर २०१७ च्या आवृत्तीपासून जुनी हत्यारं आपोआप बसवणं बंद केलं. म्हणजे बदल इथेही होतात, पण चाळीस वर्षांत एखादा. तेवढा मास्तरला झेपतो.

आता थोडं व्याकरण. (सवय जात नाही.) लिनक्सची साधी आज्ञा बघा: ‘आयपी अ‍ॅड्रेस शो’. शब्दाला शब्द ठेवला तर होतं, ‘आयपी, पत्ते दाखव’. आधी संबोधन, मग कर्म आणि शेवटी क्रियापद. हा तर आपल्या मराठी वाक्याचा क्रम झाला! ‘आयपी रूट शो’ म्हणजे ‘आयपी, रस्ते दाखव’. इंग्रजीत क्रियापद कर्माच्या आधी येतं, इथे ते मागे गेलंय. विंडोजच्या ‘नेटश’ नावाच्या आज्ञेत मात्र ‘शो’ आधी आणि काय दाखवायचं ते नंतर. मी हे कळल्यापासून आज्ञा पाठ करत नाही, मराठीत वाक्य म्हणतो आणि शब्द बदलतो. इंग्रजी कच्चं म्हणून काळ्या खिडकीला भिणाऱ्यांना माझं सांगणं आहे की, एकंदर वीसेक शब्दांचं काम आहे. चित्रांच्या खिडक्यांमधले इंग्रजी शब्द मोजून बघा, त्याहून कितीतरी जास्त भरतील.

संगणकाला नेटवर्ककडे जायची जी दारं असतात त्यांना इंटरफेस म्हणतात. आपल्या जुन्या नाशकातला वाडा डोळ्यांपुढे आणा. तारेचं एक दार, वायफायचं दुसरं. शिवाय ‘लो’ नावाचं एक आतलं दार असतं, ते बाहेर कुठेच उघडत नाही. संगणक त्यातून स्वतःशीच बोलतो, आणि त्याचा पत्ता सगळीकडे एकच, १२७.०.०.१. ‘आयपी अ‍ॅड्रेस शो’ म्हटलं की ही सगळी दारं ओळीने दिसतात. कोणतं उघडं, कोणतं बंद, कुणाचा पत्ता काय, ते सगळं.

दारांची नावं मात्र विचित्र वाटतात. पूर्वी तारेच्या दाराला ‘ईटीएच०’ म्हणत, दुसरं असेल तर ‘ईटीएच१’. यात अडचण अशी होती की, संगणक सुरू होताना जे आधी जागं होईल त्याला शून्य नंबर मिळायचा, म्हणजे आज शून्य असलेलं दार उद्या एक व्हायचं. २०१३ पासून बऱ्याच ठिकाणी दार जिथे बसवलंय त्या जागेवरून नाव द्यायची पद्धत आली. ‘ईएनपी३एस०’ असं काही दिसलं तर घाबरू नका. ईएन म्हणजे तारेचं इथरनेट, पी३ म्हणजे तिसरी बस, एस० म्हणजे त्यावरची शून्य नंबरची खाच. एका अर्थी पेठ, गल्ली आणि घर. ‘डब्ल्यूएल’ने सुरू होणारं नाव वायफायचं.

आणि पत्ता? घरोघरी १९२.१६८ ने सुरू होणारेच पत्ते कसे, असा प्रश्न माझ्या शेजाऱ्यांनी मला विचारला होता. कारण असं की, हे पत्ते खाजगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. फेब्रुवारी १९९६ मध्ये तसा नियम लिहिला गेला. कॉलेज रोडच्या प्रत्येक सोसायटीत १०१ नंबरचा फ्लॅट असू शकतो, तसंच हे. सोसायटीच्या बाहेर तो नंबर कामाचा नाही, आत मात्र १०१ नंबरचे दोन फ्लॅट चालत नाहीत.

या शेवटच्या वाक्यावरून एक हकिगत. नाशिकहून काही अंतरावरच्या एका शाळेत माझं अधूनमधून जाणं असतं. तिथे माजी विद्यार्थ्यांनी दिलेले अकरा जुने संगणक आहेत, सगळ्यांवर उबुंटू. खोलीला कुलूप. कारण काय, तर ‘नेट चालत नाही’. दोन यंत्रांवर नेट कधी चालायचं, कधी नाही. एकाचं चाललं की दुसऱ्याचं बंद. दुरुस्तीवाला शहरातून यायचा, प्रत्येक खेपेला पैसे घ्यायचा, काहीतरी क्लिक करून जायचा. आठवड्याने पुन्हा तेच. शेवटी शाळेने नाद सोडला आणि कुलूप लावलं. नववीची मुलं संगणकाचा तास पुस्तकातून वाचून शिकत होती... विहिरीच्या काठावर बसून पोहण्याचा धडा वाचावा तसं.

मी कुलूप उघडायला लावलं आणि नववीच्या मुलांना एकच काम दिलं. प्रत्येक यंत्रावर ‘आयपी अ‍ॅड्रेस शो’ टंका आणि जो पत्ता दिसेल तो फळ्यावर लिहा. पाच मिनिटांत हजेरीपट तयार झाला. पत्ते हाताने दिलेले होते, शेवटचा आकडा ११ पासून २१ पर्यंत. मुलं मोजू लागली आणि मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, १४ नंबर दोनदा आलाय, आणि १७ नाहीच!” झालं. रोगाचं निदान फळ्यावर लिहिलेलं होतं. एका रोल नंबरवर दोन मुलं ‘हजर’ म्हणत होती, म्हणून मास्तर गोंधळत होते. इतके दिवस एका-एका यंत्राची खिडकी उघडून बघितल्यामुळे हे कुणाला दिसलं नव्हतं. लिहून काढल्यावर दिसलं.

दुरुस्ती मी मुद्दाम दोन पद्धतींनी करून दाखवली. आधी ‘आयपी’ वापरून. जुना १४ काढा, नवा १७ द्या, आणि बाहेर जायचा रस्ता राउटरवरून आहे हे पुन्हा सांगा. अशा तीन ओळी, प्रत्येकीच्या आधी ‘सुडो’. सुडो म्हणजे मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन केलेलं काम. नेट लगेच चालू. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग मी यंत्र बंद करून पुन्हा सुरू करायला सांगितलं, आणि १४ नंबर परत हजर! मुलांचे चेहरे बघण्यासारखे होते.

इथे शिकण्यासारखी मुख्य गोष्ट आहे. ‘आयपी’ने केलेला बदल म्हणजे फळ्यावर लिहिलेलं. त्या क्षणी खरं असतं, पण यंत्र बंद झालं की फळा पुसला जातो. कायमचं हवं तर वहीत लिहावं लागतं. उबुंटूसारख्या डेस्कटॉपवर ही वही नेटवर्कमॅनेजर नावाचा प्रोग्राम सांभाळतो. रेड हॅटने तो २००४ मध्ये सुरू केला. त्याच्याशी काळ्या खिडकीतून बोलायची आज्ञा म्हणजे ‘एनएमसीएलआय’. ‘एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय’, पुढे जोडणीचं नाव आणि नवा पत्ता. पण हे फक्त वहीत गेलं हं, फळा अजून जुनाच. शेवटी ‘एनएमसीएलआय कनेक्शन अप’ आणि जोडणीचं नाव म्हटलं की वहीतलं फळ्यावर उतरतं. वही आणि फळा यातला फरक त्या मुलांना जेवढ्या चटकन कळला, तेवढा मोठ्यांना कळत नाही असा माझा अनुभव आहे. कारण चित्रांच्या खिडकीत दोन्ही एकाच बटणामागे लपलेलं असतं.

आता त्या शाळेत दोन मुलं आणि दोन मुली ‘नेटप्रमुख’ आहेत. भिंतीवर अकरा पत्त्यांचा तक्ता आहे. खोलीची किल्ली शिपाईमामांकडे असते, पण खरी किल्ली या चौघांकडे आली, असं मी समजतो. कुणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीचं काय कौतुक? कौतुक याचं की, ज्या ज्ञानासाठी शाळा दर खेपेला पैसे मोजत होती ते एका फळ्यावर मावणारं होतं. आणि ते लपलं होतं कुणाच्या दुष्टपणामुळे नव्हे, तर ते कधी शब्दांत मांडलंच गेलं नव्हतं म्हणून.

दुसरा मुद्दा फोनवरून मदत करण्याचा. आमची आक्का धुळ्याला असते, वय ८२. तिला चित्रांची खिडकी फोनवर समजावणं म्हणजे काय असतं ते नातेवाईकांना माहीत आहेच. “डावीकडे खाली बघ.” “अरे, डावीकडे गणपतीचा फोटो आहे!” ... असो. गेल्या पावसाळ्यात तिचं नेट गेलं तेव्हा मी तिला काळी खिडकी उघडायला लावली आणि एकेक अक्षर सांगून ‘आयपीकॉन्फिग’ टंकायला लावलं. म्हटलं, “आक्का, पत्त्याच्या ओळीत पहिला आकडा काय आहे?” “एकशे एकोणसत्तर. मग दोनशे चोपन्न.” निदान झालं. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता म्हणजे राउटरने पत्ता दिलाच नाही, म्हणून संगणकाने स्वतःच काहीतरी धरून घेतलाय. राउटर बंद करून सुरू करायला सांगितला, आणि नेट आलं. आक्का म्हणाली, “एवढंच होतं होय? मग त्या पोराला कशाला दोनदा बोलावलं मी?” शब्द फोनवरून जातात, चित्रं जात नाहीत. नाडी बघून वैद्याने सांगावं तसं तिने आकडा वाचला आणि मी नाशकात बसून ओळखलं.

आता विरुद्ध बाजू. ती नाकारून चालणार नाही. आज्ञा ही आज्ञाच असते, ती विचारत बसत नाही. ४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र आठवत असेल. फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम सगळंच सहाएक तास बंद पडलं होतं. त्या कंपनीने नंतर स्वतःच सांगितलं की, आपल्या मुख्य जाळ्याची क्षमता तपासण्यासाठी एक आज्ञा दिली गेली आणि तिने सगळ्या डेटा सेंटरांमधल्या जोडण्याच पाडल्या. अशी आज्ञा अडवण्यासाठी एक तपासणीचं साधन होतं, त्यातच दोष निघाला. आणि जाळंच पडल्यामुळे दुरून दुरुस्त करायचा रस्ताही बंद, माणसं प्रत्यक्ष जागेवर पाठवावी लागली. बसलेली फांदी तोडणारा शेखचिल्ली आपण लहानपणापासून ऐकलाय. दुसऱ्या गावच्या यंत्रात नेटवरून शिरून त्याच यंत्राचं दार बंद करणं म्हणजे तेच.

पण यावरचा उपायही लेखी भाषेतच सापडलाय. उबुंटूच्या सर्व्हरवर ‘नेटप्लॅन ट्राय’ अशी आज्ञा आहे. ती नवी मांडणी लावते आणि १२० सेकंद थांबते. तेवढ्यात तुम्ही ‘ठीक आहे’ म्हणून एंटर मारला नाही, तर ती जुनी मांडणी परत आणते. म्हणजे फांदी तुटून तुम्ही पडलात तर दोन मिनिटांत झाड पुन्हा जसंच्या तसं! मला या कल्पनेचं फार अप्रूप वाटतं. माणसांच्या भांडणातही अशी सोय हवी होती. आणि ‘दाखव’ म्हणणाऱ्या आज्ञा तर बिनधोक असतात, त्या काही बदलत नाहीत. म्हणून माझा नियम असा की, महिनाभर फक्त ‘शो’ वापरा. बघायची सवय लागल्यावरच बदलायला हात घाला.

दुसरा आक्षेप, सगळं आता मोबाईलवर असतं. खरं आहे, मोबाईलवर ही खिडकी अशी सहज उघडत नाही, आणि तिथे मी स्वतःही चित्रांवरच बोट ठेवतो. पण शाळेच्या खोल्या, वाचनालयं, बँका, दवाखाने अजून संगणकावरच चालतात. तिथे ‘नेट नाही’ असं सांगून माणसाला परत पाठवलं जातं, तेव्हा त्याचा दिवस बुडतो. पेन्शनच्या कामाला गेलेल्या म्हाताऱ्याला विचारा.

तिसरा आक्षेप, हे सगळं मराठीत शिकायचं कुठे? याला चांगलं उत्तर आहे. आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प आहे. दहा-दहा मिनिटांचे पाठ, पडद्यावर आज्ञा इंग्रजी, बोलणं मराठीत. लिनक्सचेही पाठ त्यात आहेत. पाठ थोडा ऐकायचा, थांबवायचा, करून बघायचं. आम्ही वर्गात हेच तर करत होतो! तसंच पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने देबियनच्या पायावर ‘बॉस’ ही लिनक्सची भारतीय आवृत्ती काढली, तिची शाळांसाठी वेगळी आवृत्तीही निघाली. साहित्य आहे, तासच लागत नाहीत.

थोडा इतिहासही सांगतो, म्हणजे हे काही नवं खूळ नाही हे पटेल. १९८६ साली सुरू झालेल्या अर्नेट प्रकल्पात मुंबईची एनसीएसटी आणि आयआयटी होत्या, आणि तिथली मंडळी अशाच पडद्यांवर अक्षरं टंकून काम करत. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने इंटरनेट सामान्यांसाठी खुलं केलं, तेव्हाही विद्यार्थ्यांना मिळणारं स्वस्त खातं चित्रांशिवायचं, नुसत्या अक्षरांचं होतं. आपल्याकडच्या नेटची मुळाक्षरंच मुळी काळ्या पडद्यावर गिरवली गेलीत.

तेव्हा मंडळी, एक काम करा. एक पुठ्ठा घ्या. त्यावर घरच्या राउटरचा पत्ता लिहा आणि खाली चार पायऱ्या. पहिली, ‘पिंग १२७.०.०.१’, संगणक स्वतःशी बोलतो का? दुसरी, राउटरच्या पत्त्याला पिंग, वेशीपर्यंत जाता येतं का? तिसरी, ‘पिंग ८.८.८.८’, वेशीबाहेर जाता येतं का? चौथी, एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला पिंग, नावावरून पत्ता सापडतो का? लिनक्सवर पिंग आपणहून थांबत नाही, कंट्रोल आणि सी एकदम दाबायचं. (‘पिंग’ हे नाव पाणबुडी शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून आलंय. माइक मूस यांनी ती आज्ञा डिसेंबर १९८३ मध्ये लिहिली.) ज्या पायरीवर उत्तर थांबतं, तिथे दुखणं. तिसरी जमली आणि चौथी नाही, तर नावांची वही, म्हणजे डीएनएस, बिघडलेली. दुसरीच जमली नाही तर कंपनीला फोन करण्यात अर्थ नाही, आधी घरातली तार बघा. आणि दुसरी जमून तिसरी अडली तर मात्र फोन उचला आणि खणखणीत आवाजात सांगा, राउटरपर्यंत उत्तर येतंय, पुढे येत नाही. पलीकडचा माणूस लगेच सरळ बोलायला लागतो.

पुठ्ठा राउटरच्या शेजारी टांगून ठेवा, आणि घरातल्या नववीतल्या मुलाला किंवा मुलीला एकदा मोठ्याने वाचायला लावा.